डिकीवरचं अक्षर

सहदेव घाडी मुलुंडच्या चंद्रप्रकाशशेठकडे ड्रायव्हरच्या नोकरीसाठी गेला, तेव्हा त्याने आयुष्यात एकदाही मर्सिडीजचं दार उघडलेलं नव्हतं. तो गिरणीतला माणूस. परळला सोळा वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेले. संप सुरू झाला आणि मिटायचं नाव घेईना, तेव्हा गाववाल्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून चढला आणि मालकाच्या नजरेआड गिअर टाकायला शिकला. पुढे लायसन काढून भांडुपच्या एका बेकरीचा डिझेलवरचा मॅटाडोर टेम्पो चौदा महिने चालवला. बेकरीवाल्याने मॅटाडोर विकला आणि सहदेव पुन्हा घरी बसला.

घर नाहूरला, रेल्वेच्या भिंतीला लागून एक खोली. बायको कुंदा भांडुपच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे करायची. दोन मुली शाळेत. सात महिने झाले तरी काम मिळत नव्हतं. कुंदा काही बोलायची नाही, पण सकाळी डबे भरताना भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा.

चंद्रप्रकाशशेठकडे जागा आहे ही बातमी धाकूने आणली. धाकू त्याच्याच गावचा. एका परदेशी वकिलातीच्या गॅरेजात गाड्या पुसायचा. शेठकडे पाच परदेशी गाड्या होत्या, त्या तो लग्नाला आणि सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने द्यायचा.

"पण तेका अनुभवी माणूस होयो," धाकू म्हणाला. "मर्सिडीज चालवलेलो. तू सांग चालवलंय म्हणान."

"आणि इचारल्यान तर?"

"इचारतलो ता माका ठावक असा. डिकीवरची अक्षरां इचारता. भल्याभल्यांका येनत नाय."

मग खोलीच्या दारात बसून धाकूने त्याच्याकडून अक्षरं घोकून घेतली. आकडा म्हणजे इंजिन केवढं ते. दोनशेऐंशी म्हणजे दोन पॉइंट आठ लिटर. त्याच्यापुढे एस आलं तर खास, वरच्या दर्जाची गाडी. एल म्हणजे लांब, मागे बसणाऱ्याला पाय पसरायला जागा. सी म्हणजे दोन दारांची. टी असेल तर मागे सामानाची ऐसपैस जागा. ई म्हणजे इंजेक्शन, पेट्रोल पिचकारीने इंजिनात जातं. आणि डी म्हणजे डिझेल. सहदेवने सगळं शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ केलं. कुंदा आत पोळ्या लाटत होती. तिलाही शेवटी शेवटी ते पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशशेठने खरंच त्याला एका काळ्या गाडीमागे नेऊन उभं केलं. शेठ पन्नाशीचा, पांढरा बुशशर्ट, चष्म्याच्या काचा जाड. पूर्वी जुन्या गाड्यांचे पार्ट विकायचा.

"वाच."

"साडेचारशे एस ई एल."

"वाचता मलाही येतं. म्हणजे काय?"

सहदेवने सांगितलं. एक एक अक्षर, न अडखळता. शेठ ऐकत राहिला आणि त्याने पहिल्यांदाच सहदेवकडे नीट पाहिलं.

"कुठे होतास याआधी?"

"वकिलातीत," सहदेव म्हणाला. कानशिलं गरम झाली, पण आवाज हलला नाही.

"उद्यापासून ये. एक गोष्ट डोक्यात ठेव. माझ्या गाडीत तेलपाणी मी भरतो. ड्रायव्हरने पंपावर जायचं नाही. लागेल तेवढं घालून गाडी हातात मिळेल, तेवढ्यात परत आणायची."

ड्रायव्हर लोक पेट्रोल काढून विकतात म्हणून हा नियम असणार, असं सहदेवला वाटलं. तो मान डोलावून घरी आला. कुंदाने त्या दिवशी डाळीत ओलं खोबरं घातलं.

शेठने त्याच्याकडे मोतिया रंगाची गाडी दिली. मागे झळझळीत अक्षरं: २८० ई. पहिल्या सकाळी शेठने स्वतः शेजारी बसून सांगितलं, "किल्ली अर्धी फिरव. हा पिवळा दिवा विझेपर्यंत थांब. मग सेल्फ मार."

दिवा विझला, सहदेवने किल्ली फिरवली, आणि इंजिन चालू झालं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. खडखड, खडखड, थंड इंजिनाचा जड खोकला. बेकरीच्या मॅटाडोरमध्येही असाच दिवा विझायची वाट पाहावी लागायची, आणि मॅटाडोर असाच खोकायचा.

त्याने तोंड उघडलं. पण विचारणार काय? वकिलातीत वर्षानुवर्षं मर्सिडीज चालवलेला माणूस पेट्रोलच्या गाडीचा आवाज असा का, हे विचारेल? परदेशी गाडी आहे, असेल तिची रीत. त्याने तोंड मिटलं.

चार दिवसांनी गाडी पुसताना फडकं डिकीवरच्या 'ई'ला अडकलं. त्याने वाकून पाहिलं. बाकीच्या आकड्यांच्या कडा स्वच्छ होत्या. 'ई'च्या खालून मात्र सुकलेला पिवळट डिंक बाहेर आला होता. त्याने नखाने तो खरवडला आणि फडकं पुढे फिरवलं. त्या दिवशी तो कुंदाला म्हणाला, "गाडी बरी असा." एवढंच म्हणाला.

पंधरवड्याने मढला शूटिंगचं काम आलं. पहाटे चारला निघून सूर्य उगवायच्या आत किनाऱ्यावर हजर व्हायचं होतं. कार्तिकातली अमावास्या होती. समुद्र पार आत गेला होता आणि ओली वाळू आरशासारखी पसरली होती. सिनेमावाल्यांना तेच हवं होतं. नायकाने त्या ओल्या वाळूवरून पाण्याच्या कडेकडेने गाडी दामटत न्यायची. खरं तर नायक फक्त बसलेला दिसणार होता. लांबच्या शॉटमध्ये गाडी सहदेवनेच चालवायची, डोक्यावर नायकासारखी टोपी घालून.

युनिटचा सगळा बंदोबस्त नंदकिशोर नावाच्या माणसाकडे होता. उंच, गळ्यात मफलर, तोंडात सतत वेलची. कॅमेरा लावेपर्यंत तो गाडीला टेकून उभा राहिला.

"काय रे, हे टू एटी ई म्हणजे काय असतं? का उगाच आपलं स्टाइल?"

सहदेवला सांगायला नको होतं. पण पंधरा दिवसांत प्रथमच कोणीतरी त्याला माहीत असलेलं काही विचारत होतं. त्याने सांगितलं. आकडा म्हणजे काय, एस म्हणजे काय, एल कशाला. "आणि ई म्हणजे इंजेक्शन, साहेब. पेट्रोलची गाडी. डी असता तर डिझेल."

"झकास," नंदकिशोर म्हणाला. त्याने जवळच्या दोघांना बोलावून पुन्हा तेच सांगायला लावलं. सहदेवने पुन्हा सांगितलं.

सूर्य वर आला. गाडी इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. कधी ढग आला, कधी मागे कोळणी टोपल्या घेऊन चालताना दिसल्या, कधी लाटेचं पाणी हवं तसं उडालं नाही. सात वेळा झालं, आठ वेळा झालं. साडेआठच्या सुमाराला एक म्हातारा कोळी वरून चालत आला. कमरेला रुमाल, हात कोपरापर्यंत काळे. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीचं इंजिन तो सकाळपासून उघडून बसला होता.

"शेट," तो नंदकिशोरला म्हणाला, "आज अमावस हाय. पानी फिरलं. आता झपाट्यानं येल. बाराच्या आत त्या सुरूच्या झाडांना लागेल."

"बारा वाजायला लय वेळ आहे, बाबा."

"झाडांना बाराला. इथं कवाच येल."

नंदकिशोरने हात जोडले आणि पाठ फिरवली. म्हातारा आपल्या होडीकडे परत गेला. त्याचं नाव हरेश्वर, हे सहदेवला नंतर कळलं.

त्याच वेळी गाडीत एक लाल दिवा पेटला. टाकी तळाला आली होती. शेठने तेल मोजून घातलं होतं, आणि मुलुंडहून येऊन आठ फेऱ्या होतील हे त्याच्या हिशेबात नसणार. सहदेव उतरून नंदकिशोरकडे गेला.

"साहेब, टाकी संपत आलीय."

"मग आत्ता सांगतोस? मालाडवरून आणावं लागेल." त्याने युनिटच्या जीपवाल्याला हाक मारली. "कॅन घे आणि पळ. वीस लिटर पेट्रोल."

सहदेव तिथेच उभा होता. पेट्रोल हा शब्द त्याच्या कानात पडला आणि तिथेच राहिला. त्याला मॅटाडोरचा खोकला आठवला, पिवळा दिवा आठवला, नखात आलेला डिंक आठवला. जीपवाला कॅन उचलून निघाला. थांब म्हणायला एक क्षण होता. तेवढ्यात नंदकिशोर म्हणाला, "तोवर एक लास्ट शॉट. पाण्याच्या अजून जवळून घे." आणि तो क्षण गेला.

शेवटच्या शॉटला गाडी अर्धं अंतर गेली. इंजिन दोनदा अडखळलं, तिसऱ्यांदा थांबलं. सहदेवने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. गाडी जिथे थांबली तिथे समुद्राकडची चाकं वाळूत बोटभर रुतली. एक लाट आली, टायरला शिवून मागे गेली.

आधी सगळे हसले. मग दहा-बारा जणांनी ढकलून पाहिलं. गाडी हलली ती खालीच, चाकाभोवतीची वाळू सैल झाली आणि चाकं आणखी बसली. नायक आपल्या गाडीने निघून गेला होता. कॅमेरावाल्यांनी कॅमेरा उचलून वर नेला. नंदकिशोर घड्याळ बघायला लागला. ज्या बंगल्यात युनिट उतरलं होतं तिथला फोन सकाळपासून मुका होता. चंद्रप्रकाशशेठला विचारायचा रस्ताच नव्हता.

पावणेदहाला जीप परत आली, तेव्हा पाणी समुद्राकडच्या चाकांच्या निम्म्यापर्यंत पोचलं होतं. लाट मागे सरली की चाकाखालची थोडी वाळू घेऊन जायची. सहदेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडीच्या मागे उभा होता. त्याला समोर फक्त ती तीन आकड्यांची ओळ आणि ते अक्षर दिसत होतं.

जीपवाला कॅन घेऊन पाण्यातून आला. त्याने टाकीचं झाकण काढलं, नळी घातली, कॅन उचलला.

सहदेवने नळी ओढून काढली आणि टाकीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"काय करतोस?" जीपवाला म्हणाला.

"हे नको टाकू."

नंदकिशोर पाण्यातून चपला हातात घेऊन आला. "काय झालं? टाक ना लवकर."

"साहेब, हे पेट्रोल आहे."

"मग काय रॉकेल आणायला पाठवलं होतं?"

"गाडी डिझेलची आहे, साहेब."

नंदकिशोरने डिकीवर बोट ठेवलं. "हे काय आहे? सकाळी मला आणि सगळ्या युनिटला शिकवलंस ना? ई म्हणजे पेट्रोल. दोनदा सांगितलंस. आता डिझेल?"

"अक्षराचा अर्थ मी बरोबर सांगितला. अक्षर चुकीचं आहे."

"वेड लागलंय का तुला? हात काढ."

"पेट्रोल गेलं तर इंजिनाची वाट लागेल. पंप जाईल. मग गाडी इथून निघणारच नाही."

"आणि तुझं ऐकलं तर निघणार आहे? पाणी बघ." नंदकिशोरचा आवाज खाली आला, आणि ते आवाज चढण्यापेक्षा वाईट होतं. "हे बघ, गाडी बुडाली तर मी लिहून देईन. ड्रायव्हरने टाकी भरू दिली नाही, सगळे साक्षीदार आहेत. शेठ तुला सोडेल? तू कोण रे सांगणारा? वकिलातीत होतास, असं तुझा शेठ सांगत होता. तिथे हेच शिकलास?"

सहदेवचा तळहात टाकीच्या तोंडावर होता. टाकीतली गार हवा हाताला लागत होती. एक लाट मांडीपर्यंत येऊन गेली.

"मी वकिलातीत नव्हतो," तो म्हणाला. "मी मर्सिडीज कधी चालवलेली नाही. नोकरीसाठी खोटं बोललो. अक्षरं घोकून गेलो होतो. पण मॅटाडोर चौदा महिने चालवलाय. या गाडीचा आवाज डिझेलचा आहे. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, विचारायची हिंमत झाली नाही."

नंदकिशोरने लाइटवाल्या दोघांना खूण केली. "याला बाजूला घ्या."

दोघांनी सहदेवचे दंड धरले. त्याने हात काढला नाही. एकाने मनगट पिरगाळायला सुरुवात केली, तेव्हा मागून आवाज आला, "सोडा त्याला."

हरेश्वर छातीवर हात बांधून पाण्यात उभा होता. तो कधी आला कोणाला कळलं नव्हतं. त्याने कोणाची वाट न बघता सहदेवचा हात बाजूला केला, वाकला, टाकीच्या तोंडाला नाक लावलं.

"डिझल," तो म्हणाला. "चालीस वरसं याच वासात गेली माझी. शेट, तू बी हुंग."

नंदकिशोर जागचा हलला नाही. हरेश्वरने सहदेवला विचारलं, "बोनेट उघडतं का?"

सहदेवने धावत जाऊन आतली कळ ओढली. बोनेट वर केलं तसा हरेश्वर आत वाकला. त्याने बोटाने दाखवलं. पेट्रोलच्या गाडीत असतात तशा प्लगच्या रबरी वायरी कुठेच नव्हत्या. त्यांच्या जागी चार बारीक लोखंडी नळ्या एका पंपातून निघून इंजिनाच्या डोक्यात शिरल्या होत्या.

"माझ्या होडीत अशाच हायेत. थोड्या जाड." मग नंदकिशोरकडे वळून तो म्हणाला, "पेट्रोल तुझ्या जीपला ठेव. माझ्या होडीत डिझल हाय. पन टाकी सुकी झाली, नलीत वारा गेला आसल. नुसतं वतून चालनार नाय."

"किती वेळ लागेल?" नंदकिशोरने विचारलं. त्याने तोंडातली वेलची थुंकली होती.

"पानी देल तेवढाच."

कॅन आला. या वेळी सहदेवने स्वतः ओतला. तोवर पाणी समुद्राकडच्या दाराच्या खालच्या कडेला टेकलं होतं. हरेश्वर आपला पाना घेऊन इंजिनात वाकला. त्याने फिल्टरवरचा एक स्क्रू सैल केला, आणि पंपाच्या बाजूची एक गोल मूठ फिरवून बाहेर काढली. "हे दाब. थांबू नको."

सहदेव दाबत राहिला. स्क्रूच्या कडेने फेस आला, नळीतल्या वाऱ्याचे बुडबुडे आले, पुन्हा फेस. अंगठा दुखायला लागला. लाट आली की दोघांच्या कमरेला लागायची. बॅटरी उंचावर होती, पण ती किती दम धरेल कोणास ठाऊक. मघाशी सहदेवनेच रिकाम्या टाकीवर सेल्फ मारून तिचा जीव काढला होता.

"आता बस," हरेश्वर म्हणाला. स्क्रू आवळला. "जा. दोनदा मारायचा. तिसऱ्याला ब्याटरी बसंल."

सहदेव आत बसला. पायाखाली पाणी शिरलं होतं. त्याने किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबायचं होतं. बाहेर नंदकिशोर काहीतरी ओरडत होता, दोन्ही हात हलवत होता. सहदेवने तिकडे पाहिलं नाही. त्याचं लक्ष फक्त दिव्यावर होतं. दिवा विझला. किल्ली फिरली. इंजिन घरघरलं, एकदा धडकलं, आणि मेलं.

हरेश्वरने हात वर करून थांबवलं, पुन्हा बोनेटमध्ये वाकला. सहदेवला काचेतून फक्त उघडलेलं बोनेट दिसत होतं, आणि बाजूने येणारं पाणी. त्याच्या मनात आलं की कुंदा आता डबे घेऊन बाहेर पडली असेल. आज तिला काय सांगायचं याचा विचार त्याने सुरू केला आणि सोडून दिला.

"मार," हरेश्वर म्हणाला.

दिवा. थांबणं. किल्ली. या वेळी सेल्फचा आवाज बारीक झाला, ओढत ओढत फिरला, आता थांबणार असं वाटलं, आणि एक धडक, दुसरी, मग सगळी गाडी थरथरली. मागून काळा धूर पाण्यावर पसरला. खडखड, खडखड. मॅटाडोरच्या आवाजाला सहदेवने चौदा महिने शिव्या घातल्या होत्या. आता तोच आवाज ऐकून त्याचे डोळे भरले.

पण गाडी रुतलेलीच होती. हरेश्वरने वरच्या लोकांना हाक दिली. होड्या ओढायच्या फळ्या आल्या, जाड दोर आला. मासे सुकत घालणाऱ्या बायका काम टाकून खाली आल्या. दोर पुढच्या बाजूने बांधला. मागच्या चाकांखाली फळ्या ठोकल्या. नंदकिशोरसुद्धा मफलर काढून दोराला लागला.

"लाट आली की थांब," हरेश्वर खिडकीतून म्हणाला. "माघारी फिरली की क्लच सोड. हलू हलू. घाई केलीस तर फली उडेल नि मानसाला लागेल."

लाट आली. गाडी किंचित तरंगल्यासारखी झाली. लाट फिरली, सहदेवने क्लच सोडला, दोर ताणला गेला. फळी कुरकुरली. चाक एक वीत वर आलं आणि थांबलं. पुन्हा लाट. पुन्हा. चौथ्या वेळेला पुढची चाकं घट्ट वाळूवर चढली आणि गाडी स्वतःच्या जोरावर वर निघाली. सहदेवने ती सुरूच्या झाडांपलीकडे नेऊन थांबवली. इंजिन बंद करायला त्याचा हात धजेना. तो तसाच बसून राहिला.

नंदकिशोर येऊन खिडकीशी उभा राहिला. त्याच्या हाताला दोराने कातडं सोललं होतं. "तुझ्या शेठला मी बघतो," तो म्हणाला. "तुझं ते वकिलातीचं मला काही माहीत नाही," असंही म्हणाला आणि गेला.

हरेश्वरने डिझेलचे पैसे घेतले नाहीत. नंदकिशोरकडून मात्र दोराचे आणि फळ्यांचे वसूल केले, आणि पुढच्या वेळी म्हाताऱ्या माणसाचं ऐकायचं असं सगळ्या युनिटदेखत सांगितलं.

दुपारी सहदेवने मुलुंडला गॅरेजात गाडी उभी केली. सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. चंद्रप्रकाशशेठने चष्मा काढून पुसला. पुसता पुसता बोलला.

"डिझेलची म्हटलं की सिनेमावाले नाक मुरडतात. ट्रकचं इंजिन म्हणतात. ई लावलं की बॉडी तीच, भाडं वेगळं. कोण बोनेट उघडून बघतं?"

"आज उघडावं लागलं, शेठ."

"तू वकिलातीत नव्हतास हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तिथे माझी ओळख आहे."

सहदेवने विचारलं, "मग ठेवलंत कशाला?"

"तुला अक्षरं येतात म्हणून. तू समजावून सांगितलंस की लोकांना खरं वाटतं." शेठने चष्मा चढवला. "गाडी वाचवलीस. नोकरी आहे तुझी. परवा ठाण्याला लग्न आहे, गाडी धुऊन ठेव. मिठाचं पाणी राहिलं तर पत्रा खाईल."

"ते अक्षर काढा, शेठ."

"गाडी माझी. अक्षर माझं."

सहदेव घरी गेला. कुंदाने सगळं ऐकून घेतलं. आपल्या नवऱ्यालाही शेठने त्या खोट्या अक्षरासारखं गाडीला चिकटवून वापरलं, हे त्याच्यापेक्षा तिलाच जास्त लागलं. "सोडतलास नोकरी?" तिने विचारलं. सात महिने दोघांनाही आठवत होते.

"सोडलंस तर दुसरो कोणतरी येतलो," ती म्हणाली. "वाटेत तेल संपला तर ह्या अक्षर वाचून तो पेट्रोल भरतलो. तेका कोण सांगतला?"

दुसऱ्या दिवशी सहदेव अर्धा तास लवकर गेला. जाताना लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणि बारीक ब्रश घेतला. मोतिया गाडीच्या टाकीवरची झडप उघडून तिच्या आतल्या बाजूला त्याने ठसठशीत मराठीत लिहिलं: डिझेल. मग उरलेल्या चार गाड्यांची झाकणं उघडून, वास घेऊन, बोनेट वर करून खात्री केली आणि प्रत्येकीत खरं ते लिहिलं. आणखी एकीवर खोटं अक्षर निघालं.

शेठ कधी ओरडेल याची तो वाट पाहत होता. दुसऱ्याच सकाळी, मोतिया गाडी ठाण्याच्या लग्नाला निघायच्या आधी, शेठ तेल घालायला आला. झडप उघडली, लाल अक्षरं दिसली. सहदेव समोर बादली घेऊन उभा होता. शेठने ती वाचली, तेल घातलं, झाकण लावलं, झडप बंद केली. वरून बोट फिरवून पाहिलं, बाहेरून काही दिसत नव्हतं. तो आत गेला.

सहदेव तिथे आणखी चार वर्षं राहिला. डिकीवरच्या अक्षरांचा अर्थ त्याला पुष्कळांनी विचारला, लग्नातल्या पाहुण्यांनी, सिनेमातल्या लोकांनी. एस, एल, सी तो सांगायचा. मोतिया गाडीजवळ कोणी विचारलं, की म्हणायचा, मालकांना विचारा. पुढे शेठने गाड्या विकल्या आणि तो बोरिवलीच्या एका शाळेच्या बसवर लागला. ती बस डिझेलची होती आणि तसं तिच्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.